बोटीवरचा टीव्ही

ऐंशीच्या दशकात ससून डॉकला आमच्या बोटीच्या तांडेलाने टीव्ही घेतला, तो १२ व्होल्टवर चालणारा, छोटा कृष्णधवल. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत संचांचं वेड लागलं होतं. पण बोटीवर वीज कुठली? इंजिनावर भरलेली बॅटरी आधी स्टार्टरला, मग दिव्यांना, उरली तर करमणुकीला. रंगीत संचाने ती केव्हाच पिऊन टाकली असती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्याच्या लहरी सरळ जाणाऱ्या, पृथ्वीचा बाक त्यांना आडवा येतो. किनारा मागे पडला की पडद्यावर नुसत्या मुंग्या! नांगरावर बोट फिरली की एक खलाशी अँटेना धरून उलटा फिरायचा (बहुधा सगळ्यांत लहान पोरगा, दुसरं कोण?). संचाच्या जागेवरून मात्र तांडेल हटून बसला: होकायंत्रापासून लांब. स्पीकरमधल्या लोहचुंबकाने सुई ढळते, आणि त्याचं म्हणणं रास्तच होतं.

२००४मध्ये दूरदर्शनची मोफत डिश आली. डोलणाऱ्या बोटीवर तिचा नेम टिकेना. ती धक्क्यावर बांधलेल्या बोटीपुरतीच. आता खलाशी मोबाइलवर बघतात, तेही टॉवरची रेंज असेपर्यंत.