एका इंचाचा इतिहास : जुन्या मस्टँगचे सस्पेन्शन बदलावे का?

१/ जानेवारी १९६५. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या शर्यतपथावर पत्रकारांसमोर एक पांढरीशुभ्र मोटार सादर झाली : शेल्बी जीटी ३५०. मूळ गाडी फोर्ड मस्टँग. तिच्यावर हात फिरला होता कॅरोल शेल्बी यांचा. ही गाडी कोणालाही विकत घेऊन रस्त्यावर चालवता येत होती, पण तिचे सस्पेन्शन शर्यतीसाठी घडवलेले होते. पुढच्याच वर्षी त्यातील कितीतरी भाग शेल्बी यांच्याच कारखान्याने वगळले. असे का घडले, त्याचाच हा धागा.

२/ प्रश्न केवळ एका गाडीचा नाही. साठीच्या दशकातील मोटार आज हौसेने बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे तो उभा राहतो. सस्पेन्शन बदलून गाडी ‘सुधारावी’ की कारखान्यातून आली तशीच ठेवावी? या वादात जीटी ३५०चे नाव हमखास पुरावा म्हणून पुढे येते. मात्र हा पुरावा नीट तपासला, तर तो वेगळेच काही सांगतो.

३/ आधी मूळ गाडी पाहू. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँगचे अनावरण झाले. पायाभूत किंमत २,३६८ डॉलर. पहिल्या वर्षभरात चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. इतक्या कमी किमतीत इतकी देखणी गाडी देणे शक्य झाले, कारण तिचा सांगाडा आणि चाकांची जुळणी बव्हंशी फोर्डच्याच ‘फाल्कन’ या साध्या, काटकसरी कुटुंबगाडीकडून घेतलेली होती.

४/ तिची रचना अशी. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा. वरच्या भुजेवर गुंडाळीची स्प्रिंग आणि तिच्या आत शॉक अ‍ॅब्सॉर्बर. हा सगळा भार इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पत्र्याच्या उंच मनोऱ्यांवर पेललेला. मागे अखंड अ‍ॅक्सल आणि ट्रकला असतात तसे पाटे. स्वस्त, टिकाऊ आणि कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होईल अशी ही व्यवस्था होती.

५/ दोष वळणावर उघड होई. गाडी वेगात वळली की तिचे अंग बाहेरच्या बाजूला झुकते आणि बाहेरच्या पुढच्या चाकावर सर्वाधिक भार येतो. मस्टँगमध्ये नेमके तेच चाक अंगाबरोबर बाहेर कलत असे. टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला टेकण्याऐवजी केवळ बाहेरची कडाच झिजे. व्ही-८ इंजिनामुळे नाक आधीच जड. त्यामुळे स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहत असे.

६/ मग फोर्डचे अभियंते चुकले होते का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कचेरीत, बाजारात आणि लांबच्या सरळ महामार्गावर जाणाऱ्या ग्राहकाला मऊ, शांत गाडी हवी होती. ती त्याला मिळाली. ज्याला थोडी अधिक पकड हवी, त्याच्यासाठी कारखान्याच्या यादीत कडक स्प्रिंगा, जाडसर अँटी-रोल बार आणि जलद स्टिअरिंग यांचा वेगळा संच होता. म्हणजे ‘सुधारणा करावी का’ हा प्रश्न गाडीइतकाच जुना आहे.

७/ आता शेल्बी. टेक्सासचे हे गृहस्थ १९५९ साली ले माँची २४ तासांची शर्यत जिंकलेले चालक होते. पुढे ‘कोब्रा’ या गाडीमुळे त्यांचे नाव झाले. मस्टँग दिसायला तडफदार असली, तरी शर्यतीच्या वर्तुळात तिला कोणी गांभीर्याने घेत नव्हते. ती प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम फोर्डने शेल्बी यांच्याकडे सोपवले.

८/ येथे एक नियम निर्णायक ठरला. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या ‘बी प्रॉडक्शन’ गटात उतरायचे, तर गाडी दोन आसनी हवी आणि किमान १०० गाड्या तयार हव्यात. त्याखेरीज आणखी एक अट होती : शर्यतीसाठी एकतर इंजिनात फेरफार करा किंवा सस्पेन्शनमध्ये; दोन्हींत करता येणार नाहीत.

९/ शेल्बी यांनी यातून वाट काढली. शर्यतीसाठी राखून ठेवायचे ते इंजिन. सस्पेन्शन मात्र विक्रीच्या प्रत्येक गाडीतच शर्यतीचे बसवायचे. मग नियमाच्या दृष्टीने तो फेरफार उरत नाही, ती ‘मूळ रचना’च ठरते. रस्त्यावरच्या ग्राहकाला मिळालेले ते प्रसिद्ध सस्पेन्शन रस्त्याचा विचार करून ठरलेले नव्हते. ते नियमपुस्तकातून जन्माला आले होते.

१०/ त्या गाडीत काय काय होते? कोनी कंपनीचे समायोज्य शॉक अ‍ॅब्सॉर्बर. पुढे एक इंच जाडीचा अँटी-रोल बार. जलद स्टिअरिंग. दोन मनोऱ्यांना जोडणारा आडवा दांडा आणि त्यांना मागच्या भिंतीशी बांधणारा मजबूत पत्रा. जोरात निघताना मागच्या अ‍ॅक्सलला पीळ बसू नये म्हणून वरून जाणारे लोखंडी दांडे. त्यांच्यासाठी गाडीची फरशी कापावी लागे. मागचे आसन काढून तेथे जादा चाक ठेवले होते.

११/ आणि एक बदल, जो डोळ्यांना दिसतही नसे. वरच्या भुजेची आतली बिजागरी एक इंच, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर, खाली घेतली होती. त्यासाठी मनोऱ्यात प्रत्येक बाजूला दोन नवी छिद्रे पाडली की काम होई. नवा भाग एकही नाही.

१२/ या एका इंचाने काय साधले? बिजागरी खाली आल्यामुळे भुजेचा कोन बदलला. आता वळणावर गाडी झुकली की वरची भुजा बाहेरच्या चाकाचा माथा आत ओढू लागली. चाक बाहेर कलण्याऐवजी रस्त्याशी काटकोनाच्या जवळ राहू लागले. टायर तोच, स्प्रिंग तीच, पण रस्त्याला टेकणारे रबर वाढले.

१३/ हौशी मंडळींत हा बदल ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणून ओळखला जातो. त्यामागचे गणित मात्र फोर्डचे सस्पेन्शन-अभियंते क्लाउस आर्निंग यांचे. जाणकार त्याला ‘आर्निंग ड्रॉप’ही म्हणतात. इतिहासात असे वारंवार घडते. किल्ला लढवणाऱ्याचे नाव लोकांच्या ओठांवर राहते; तट कोठे आणि किती उंच असावा हे ठरवणारा मागे पडतो.

१४/ शर्यतीत डाव यशस्वी झाला. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमधील ग्रीन व्हॅलीच्या पथावर केन माइल्स यांनी जीटी ३५०ला पहिल्याच स्पर्धेत विजय मिळवून दिला. चढावरून चारही चाके हवेत उचललेल्या त्या गाडीचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. त्या वर्षीचे बी प्रॉडक्शनचे राष्ट्रीय विजेतेपदही जीटी ३५०नेच मिळवले.

१५/ विक्रीच्या दालनातील चित्र वेगळे होते. किंमत ४,५४७ डॉलर, साध्या मस्टँगच्या जवळपास दुप्पट. त्या मोबदल्यात खडखडाट, दणके, जड ब्रेक, कर्कश एक्झॉस्ट आणि वळताना खाडकन आवाज करणारे लॉकिंग डिफरन्शिअल. कुटुंबाला बसायला मागे जागा नाही. १९६५ मध्ये अशा गाड्या साडेपाचशेच्या आसपासच बनल्या. शर्यतीच्या रसिकांना ती प्रिय झाली. रोजच्या वापरासाठी गाडी शोधणाऱ्यांना नाही.

१६/ म्हणून १९६६ साली माघार घेतली गेली. सुरुवातीच्या सुमारे २५० गाड्यांत आधीचेच भाग होते. त्यानंतर भुजा खाली घेणे थांबले. फरशी कापून बसवायच्या दांड्यांऐवजी खालून लावायचे सोपे दांडे आले. लॉकिंग डिफरन्शिअल ऐच्छिक झाले. मागचे आसन आणि स्वयंचलित गिअरही मिळू लागले. त्या वर्षी दोन हजारांहून अधिक गाड्या बनल्या; त्यांतील सुमारे हजार तर ‘हर्ट्झ’ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने घेतल्या.

१७/ येथे थांबून नीट पाहायला हवे. जे वगळले गेले, ते सारे एकाच कारणाने गेले नाही. डिफरन्शिअलचा आवाज ग्राहकाला खुपत होता. एका इंचाचा बदल मात्र कोणालाच त्रास देत नव्हता. स्प्रिंग कडक होत नव्हती, आवाज वाढत नव्हता. तो गेला मजुरी वाचवण्यासाठी. ‘कारखान्याने काढून टाकले, म्हणजे ते निरुपयोगी होते’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

१८/ याला दुजोरा खुद्द फोर्डने दिला. १९६७ साली मस्टँगची नवी आवृत्ती आली, तेव्हा पुढची चाके अधिक रुंद अंतरावर बसवली गेली आणि वरच्या भुजेची बिजागरी खाली आणली गेली. आता ही सुधारणा शर्यतीच्या गाडीपुरती उरली नव्हती. बाजारहाटाला जाणाऱ्या सामान्य ग्राहकालाही ती मिळाली, तीसुद्धा गाडीचा मऊपणा न गमावता.

१९/ आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. सस्पेन्शनमधील सुधारणा दोन जातींच्या असतात. एक जात दोष दूर करते : चाक चुकीच्या कोनात कलत असेल, तर कोन सुधारते. दुसरी जात एक गुण वाढवण्यासाठी दुसरा खर्ची घालते : कडक स्प्रिंग झुकणे कमी करते, पण खड्ड्याचा प्रत्येक धक्का आत पोहोचवते. साध्या रस्त्यावर पहिली जात जवळजवळ नेहमी फायद्याची. दुसरीचा हिशेब मांडावाच लागतो.

२०/ कडकपणाची किंमत केवळ पाठीला मोजावी लागत नाही. साध्या मस्टँगचा सांगाडा मऊ स्प्रिंगांसाठी आखलेला होता. कठोर वापरात तिच्या पुढच्या मनोऱ्यांच्या पत्र्याला तडे जातात, ही जाणकारांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. शेल्बी यांच्या गाडीत मनोरे बांधून घेणारे आधार होते, ते त्यासाठीच. आधार वगळून केवळ स्प्रिंगा कडक करणे, म्हणजे इतिहासातील अर्धेच पान वाचणे.

२१/ आणखी एक फसवी तुलना टाळायला हवी. साठ वर्षांच्या गाडीतील रबरी बुश वाळलेले असतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळलेले, पाटे बसलेले. अशा गाडीत नवा महागडा संच बसवला की ती चमत्कार झाल्यासारखी धावते. पण त्यात सुधारणेचा वाटा किती आणि निव्वळ नव्या रबराचा किती? मूळ मापाचे भाग नव्याने बसवून गाडी एकदा चालवल्याखेरीज हे कळत नाही.

२२/ टायरचेही तसेच. मूळ मस्टँग त्या काळच्या तिरप्या धाग्यांच्या, म्हणजे बायस-प्लाय टायरांवर धावत होती. कारखान्याने ठरवलेले चाकांचे कोनही त्यांनाच जुळणारे होते. आजचे रेडिअल टायर बसवून त्यांना साजेसे चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, तरी गाडीचा स्वभाव बराच बदलतो. त्यासाठी एकही मूळ भाग फेकावा लागत नाही.

२३/ याच्या उलट टोकाला एक प्रथा आहे : पुढचे मनोरे कापून काढायचे आणि तेथे १९७४ च्या ‘मस्टँग २’ या गाडीच्या धर्तीवरचे सस्पेन्शन बसवायचे. इंजिनाला जागा मिळते, गाडी चपळही होते. मात्र कापलेला पत्रा परत येत नाही. साठीच्या दशकातील अभियंत्यांनी किंमत, आराम आणि पकड यांचा मेळ कसा घातला, याचा त्या गाडीतील पुरावा कायमचा नाहीसा होतो.

२४/ ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फिवा, याने २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली. बदल करावाच लागला, तर तो शक्यतो परत फिरवता यावा, त्याची नोंद राहावी आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. जुन्या कागदावर संशोधक शाईने खुणा करत नाही, पेन्सिल वापरतो. तोच हा विवेक.

२५/ मग उत्तर काय? झिजलेले आधी मूळ मापात आणावे. टायर आणि चाकांचे कोन जुळवावेत. त्यानंतरही वळणावर उणीव जाणवली, तर आर्निंग यांचा एक इंच सार्थ आहे : चार छिद्रे, नोंद ठेवलेली, आणि हवे तेव्हा जुन्या जागी परतता येईल अशी. दुर्मीळ, अस्पर्शित गाडीला मात्र तेवढाही हात लावू नये. शर्यतीचा कडकपणा शर्यतीच्या पथावरच शोभतो. १९६६ साली हे शेल्बी यांच्या कारखान्यालाही मान्य करावे लागले होते.

२६/ जीटी ३५० हा पुरावा खोटा नाही. तो अपुरा वाचला जातो. तिच्यातील प्रत्येक भागामागे वेगळे कारण होते : एकामागे नियम, दुसऱ्यामागे शर्यत, तिसऱ्यामागे ग्राहकाची तक्रार, चौथ्यामागे मजुरीचा हिशेब. जुनी वस्तू ‘सुधारण्या’पूर्वी ती तशी का घडली हे विचारणे, एवढीच इतिहासाची अपेक्षा आहे. पाना हातात घेण्याआधी तेवढे विचारायला फारसा वेळ लागत नाही.