कोळसा खाणींचे ढिगारे आणि रस्तेबांधणी : ब्रिटनमधील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना
कोळसा उद्योगाच्या इतिहासात उत्पादन, कामगार चळवळ व राष्ट्रीयीकरण या विषयांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने कोळशाबरोबर जमिनीवर आलेल्या निरुपयोगी दगडमातीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. ब्रिटनमध्ये या दगडमातीचा काही भाग रस्त्यांच्या भरावासाठी वापरण्यात आला. हा बदल केवळ तांत्रिक प्रगतीमुळे घडून आला, की ढिगारा हलविण्याचा खर्च व जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यामागे होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ढिगाऱ्यांचे स्वरूप
भूमिगत खाणींतून कोळशाबरोबर शेल, पंकाश्म व वालुकाश्म हे खडक वर येत आणि खाणीजवळ किंवा डोंगरउतारावर टाकले जात. त्यांत शिल्लक कोळसा आणि पायराइट हे लोह व गंधकयुक्त खनिज असल्यामुळे हवेच्या संपर्काने काही ढिगारे आतून पेट घेत व वर्षानुवर्षे धुमसत राहत. जळालेली शेल लाल व कठीण होते. खाणपट्ट्यात ती रस्त्यांच्या भरावासाठी पूर्वीपासून वापरात होती. न जळालेली काळी शेल मात्र भरावात पुन्हा पेटेल, अशी भीती अभियंत्यांना वाटे. १९५८ मध्ये प्रेस्टन येथील वळणरस्त्यापासून ब्रिटनमध्ये मोटारवेचे युग सुरू झाले व भरावाची मागणी वाढली. तरीही काळ्या शेलविषयीचा संशय लगेच दूर झाला नाही.

ॲबरफॅनची दुर्घटना
२१ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण वेल्समधील ॲबरफॅन गावावर मर्थर व्हेल खाणीचा सात क्रमांकाचा ढिगारा कोसळला. १४४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ११६ मुले होती आणि बहुतेक पँटग्लास शाळेतील होती. हा ढिगारा डोंगरावरील झऱ्यांच्या जागेवर रचण्यात आला होता. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ च्या अहवालात राष्ट्रीय कोळसा मंडळास दोषी ठरविले.

दुर्घटनेनंतर गावाच्या डोक्यावरील उरलेले ढिगारे हटवावेत, अशी मागणी ग्रामस्थांनी केली. खर्चाच्या कारणाने शासन टाळाटाळ करीत राहिले. १९६८ मध्ये ग्रामस्थांनी कार्डिफ येथील शासकीय कार्यालयात ढिगाऱ्यातील चिखल नेऊन टाकला. अखेर ढिगारे हटविण्याचा निर्णय झाला. परंतु त्यासाठी पीडितांकरिता जमा झालेल्या मदतनिधीतून १,५०,००० पौंड घेण्यात आले. ही रक्कम १९९७ मध्ये व्याजाविना परत करण्यात आली. २००७ मध्ये वेल्सच्या शासनाने आणखी १५ लाख पौंड दिले. ज्यांची मुले ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्याच निधीतून ढिगारा हटविण्याचा खर्च भागविला गेला, ही बाब या इतिहासात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कायदा, तंत्र आणि अर्थकारण
१९६९ मध्ये खाण-ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. १९७० च्या दशकात वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेने या दगडमातीच्या वापराचा अभ्यास केला. काळी शेल पातळ थरांत पसरून रोलरने नीट दाबल्यास आत हवा राहत नाही व ती पेटण्याचा धोका उरत नाही, हे मान्य झाले. मात्र तिच्यातील सल्फेटमुळे काँक्रीटची झीज होते. तसेच गोठणाऱ्या पाण्याने फुगणारे द्रव्य रस्त्याच्या पृष्ठभागाखालील ४५० मिलिमीटरपर्यंत वापरता येत नसे. अशा मर्यादा पाळून तिचा उपयोग मुख्यतः खालच्या भरावात होऊ लागला. कोळसा मंडळाने या द्रव्याच्या विक्रीसाठी 'माइनस्टोन' हे नाव रूढ केले.

तथापि त्या काळी दरवर्षी सुमारे ५ कोटी टन दगडमाती वर येत होती आणि तिचा अल्प अंशच रस्त्यांत जाई. भरावाचे द्रव्य स्वस्त असते; दूरची वाहतूक त्याच्या किमतीस परवडत नाही. त्यामुळे रस्ता ढिगाऱ्याजवळून जात असेल, तरच त्याचा वापर होई. २००२ मध्ये नव्या खडी-वाळूवर प्रति टन १.६० पौंड कर बसविण्यात आला व कोळसा खाणींची दगडमाती त्यातून वगळण्यात आली. उपयोगाला चालना देणारे हे आर्थिक पाऊल ॲबरफॅननंतर ३५ वर्षांनी पडले.

दरम्यान खाणी बंद पडल्या, ढिगारे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी पावसात वेल्समधील टायलर्सटाउन येथे जुना ढिगारा घसरला. त्यानंतरच्या गणनेत वेल्समध्ये २,५०० हून अधिक बंद ढिगारे आढळले. १९६९ चा कायदा खाणी चालू असण्याच्या काळासाठी रचला गेला होता व आता तो अपुरा आहे, असे विधी आयोगाने २०२२ मध्ये नमूद केले.

निष्कर्ष
लाल शेलची उपयुक्तता ॲबरफॅनपूर्वीच ज्ञात होती. काळ्या शेलवरील तांत्रिक उपायही असाध्य नव्हता. उणीव होती ती जबाबदारी निश्चित करण्याची. विदर्भातील उघड्या खाणींचा प्रश्न काहीसा वेगळा आहे. तेथे कोळशावरील दगडमाती प्रथम खाणीच्या खड्ड्यातच परत भरली जाणे इष्ट ठरते व उरलेल्या द्रव्याचा विचार रस्त्यांसाठी करता येतो. परंतु वाहतुकीचा खर्च कोणी द्यावयाचा, हे आधी ठरले नाही, तर ढिगारा गावाशेजारीच राहतो आणि त्याची किंमत त्या गावाला मोजावी लागते, हाच ब्रिटनच्या अनुभवाचा बोध होय.