खडू कोणाच्या हातात?

तुम्ही इंदूरमध्ये असा, बडोद्यात, बेळगावात किंवा हैदराबादेत, आपापल्या प्राथमिक शाळेतली फळ्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. आज त्या भिंतीचा इतिहास पाहू. कारण हल्ली तिथे फळ्याच्या जागी स्मार्ट बोर्ड दिसू लागला आहे.

आपल्याकडे शिक्षण सुरू व्हायचं ते धुळाक्षरांनी. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि मुलानं बोटानं अक्षर गिरवायचं. चुकलं तर हात फिरवून पुन्हा गिरवायचं. दाखवायचे पंतोजी, पण बोट मुलाचं असायचं.

मग भिंतीवरचा मोठा फळा आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरोच्या हायस्कूलमध्ये जेम्स पिलन्स भूगोल शिकवताना काळा फळा आणि रंगीत खडू वापरत. सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच नकाशा दिसू लागला. सोय मोठीच झाली. पण खडू मात्र गुरुजींच्या हातात गेला.

आपल्या देशात हा साधा फळासुद्धा सगळीकडे पोचला नव्हता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ मध्ये सरकारला 'खडू-फळा मोहीम' काढावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य मिळावं, एवढीच तिची मागणी होती. स्वातंत्र्याला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९९१ मध्ये, कॅनडातल्या कॅलगरीच्या डेव्हिड मार्टिन आणि नॅन्सी नोल्टन यांनी 'स्मार्ट बोर्ड' बाजारात आणला. भिंतीवरच्या चित्राला बोट लावलं की संगणक हुकूम पाळू लागला. धुळाक्षरांमधलं बोट परत आलं म्हणायचं!

आलं का खरंच? याचं उत्तर इंग्लंडमध्ये सापडतं. तिथल्या सरकारनं २००० नंतरच्या काही वर्षांत प्राथमिक शाळांना असे बोर्ड घ्यायला मोठा निधी दिला. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्गात बसून तास पाहिले. बोर्ड असलेल्या वर्गांत तासाचा वेग वाढला होता, उत्तरं पटापट येत होती, पण मुलांनी गटात बसून काम करण्याचा वेळ कमी झाला होता. शिकवण्याची जुनी रीत फारशी बदलली नव्हती. परीक्षेतली सुरुवातीची थोडीशी आघाडीही दुसऱ्या वर्षी टिकली नाही. पुढे मँचेस्टरच्या अभ्यासकांना दुसरी बाजू दिसली. जिथे शिक्षक बराच काळ बोर्ड वापरत राहिले आणि तो त्यांच्या शिकवण्यात मुरला, तिथे मुलांची प्रगती चांगली झाली. म्हणजे बोर्ड एका दिवसात बसतो, पण तो मुरायला वर्षं लागतात.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर अनेक गावांनी लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल केल्या. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ब्लॅकबोर्डकडून डिजिटल बोर्डकडे' जाण्याची भाषा आली आणि २०१९ मध्ये 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' जाहीर झालं. त्याचा भर मात्र नववीपासून पुढच्या वर्गांवर होता. धाकट्या वर्गांचा भार पुष्कळदा गावानंच उचलला.

ही वर्गणी शेतकऱ्याच्या, मजुराच्या खिशातून येते. म्हणून ती वाया जाता कामा नये. वीज नसेल, दुरुस्तीला कोणी येणार नसेल, शिक्षकांना सरावाला वेळच मिळणार नसेल, तर बोर्डाचा मोठा टीव्ही होतो. मुलं समोर बसून बघत राहतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी शाळेत गेलात, की बोर्ड किती इंचाचा आहे हे विचारू नका. आजच्या तासाला किती मुलांचं बोट त्याला लागलं, एवढंच विचारा. धूळपाटीच्या काळी या प्रश्नाचं उत्तर होतं, 'सगळ्यांचं.'