विश्लेषण : कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आणि नैराश्य यांचा संबंध काय?

पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरात दिंड्या येतात, तेव्हा ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी कडाक्याची थंडी असते. नारायण नागबळीच्या पूजेसाठी आलेली कुटुंबं तर तीन दिवस मुक्काम करतात. पहाटे आंघोळीला गरम पाणी हवं असतं, खोलीची दारं-खिडक्या थंडीमुळे बंद असतात. अशा वेळी गॅस गिझर किंवा कोळशाची शेगडी जीवघेणी ठरू शकते, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मात्र या विषबाधेतून वाचलेल्या माणसाच्या मनावर पुढे काय परिणाम होतो, याची चर्चा फारशी होत नाही.

हा वायू शरीरात काय करतो?

गॅस, लाकूड, कोळसा किंवा डिझेल पुरेशा ऑक्सिजनशिवाय जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्याला येतो, तो सिलिंडरमधल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. गॅस जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला तसा वास येत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे रक्त वाहत असतं, पण मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. शिवाय हा वायू पेशींच्या ऊर्जानिर्मितीत अडथळा आणतो आणि मेंदूत दाह निर्माण करतो. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण चार ते पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा काळ सुमारे तास-दीड तासावर येतो.

मग नैराश्य कुठून येतं?

या विषबाधेत मेंदूच्या खोल भागातील बेसल गँगलिया, स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू यांना इजा होऊ शकते. उत्साह, झोप, भावना आणि निर्णय यांच्याशी याच यंत्रणेचा संबंध आहे.

विशेष म्हणजे परिणाम उशिरा दिसू शकतात. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, चालण्यातला मंदपणा सुरू होतो. दक्षिण कोरियात पूर्वी घरं उबदार ठेवण्यासाठी कोळशाच्या विटा जाळत. तिथल्या २,३६० रुग्णांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६५ जणांना असा उशिराचा त्रास झाला होता. दिलासा देणारी बाब म्हणजे पुढे ज्यांची माहिती ठेवता आली, त्यातले बहुतेक वर्षभरात सुधारले.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये १२७ रुग्णांचा अभ्यास मांडला. सहा आठवड्यांनी ४५ टक्के, सहा महिन्यांनी ४४ टक्के आणि वर्षभरानंतर ४३ टक्के रुग्णांमध्ये नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं होती. काही रुग्ण आधीपासूनच मानसिक त्रासात होते, हे खरं. मात्र वर्षभरानंतर त्यांच्यात आणि अपघाताने विषबाधा झालेल्यांमध्ये फरक उरला नव्हता.

रोजच्या चुलीच्या धुराचं काय?

त्र्यंबकेश्वर हा आदिवासीबहुल तालुका. इथल्या पाड्यांवर पावसाळ्यात ओली लाकडं पेटवून स्वयंपाक करावा लागतो, तेव्हा घरभर धूर कोंडतो. त्यात सर्वाधिक वेळ जातो तो बाईचा.

चीन आणि भारतातल्या मोठ्या सर्वेक्षणांमध्ये लाकूड, गोवऱ्या किंवा कोळशावर स्वयंपाक होणाऱ्या घरांतल्या मध्यमवयीन आणि वृद्ध व्यक्तींत नैराश्याची लक्षणं जास्त आढळली आहेत. भारतात यासाठी 'लासी' या सर्वेक्षणाची माहिती वापरली गेली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा त्यात प्रमुख सहभाग आहे.

पण इथे घाईने निष्कर्ष काढू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत सूक्ष्म कणही असतात. चूल वापरणाऱ्या घरात गरिबी, कष्ट आणि आजारपणही अधिक असतं. त्यामुळे तीव्र विषबाधेनंतरच्या नैराश्याचा पुरावा भक्कम आहे, तर रोजच्या कमी प्रमाणातल्या संपर्काबाबत 'संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेलं नाही' इतकंच म्हणता येतं.

काय काळजी घ्यावी?

- गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवावा. आत असेल तर बादली भरून गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळ करावी.
- पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये.
- एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखणं, मळमळणं, चक्कर येणं याला 'पित्त झालं' म्हणून सोडू नये. आधी बाहेर पडावं, मग १०८ला फोन करावा.
- बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. तो या विषबाधेतही आकडा नॉर्मल दाखवू शकतो. निदानासाठी रक्ततपासणी लागते.

मुक्काम संपवून माणूस आपल्या गावी जातो. महिनाभराने त्याचं कामात लक्ष लागेनासं होतं, तो कुणाशी बोलत नाही. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या लॉजमधल्या पहाटेची कल्पनाच नसते. म्हणून आधीची विषबाधा, ती किरकोळ वाटली असली तरी, डॉक्टरांना आवर्जून सांगावी. नैराश्यावर उपचार आहेत. मनाचा त्रास जाणवत असेल तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.