"विसरून जा" म्हणण्याआधी

"जाऊ दे, विसरून जा. मनाला लावून घेऊ नकोस." समोरचं माणूस आतून मोडलेलं असतं आणि आपल्या तोंडून हे वाक्य आपोआप निघतं. माझ्याही तोंडून कितीदा तरी निघालंय. म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरची गोष्ट सांगतो.

पहिलं महायुद्ध. खंदकांत तोफांचा मारा सोसून सैनिक परतायचे ते वेगळेच होऊन. कुणाची वाचा गेलेली, कुणाचं अंग थरथरतंय, कुणाला झोपेचीच भीती. अंगावर जखम मात्र नाही! १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मधल्या लेखात याला 'शेल शॉक' म्हटलं. वरिष्ठांना मात्र अनेकदा हा भित्रेपणाच वाटे. पलायन, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने तीनशेहून अधिक जणांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती थेट २००६ साली. लंडनमध्ये डॉ. यीलँड वाचा गेलेल्या सैनिकांना विजेचे झटके देऊन बोलतं करत होते.

त्याच काळात एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्ट इथल्या लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स काम करत होते. हे मूळचे मानववंशशास्त्रज्ञही. आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी १९०६ साली मोठा ग्रंथ लिहिला होता. स्वतः बोलताना अडखळायचे. माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायची सवय त्यांना होती.

१९१८ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एका अधिकाऱ्याची हकिकत दिली आहे. स्फोटात चिंधड्या झालेल्या मित्राचा देह त्याने पाहिला होता. सगळ्यांचा सल्ला एकच, विचार मनात आणू नकोस. दिवसा तो ते कसंबसं जमवायचा, पण रात्री मित्र त्याच अवस्थेत स्वप्नात यायचा. रिव्हर्स यांनी त्याला त्या प्रसंगाकडे पुन्हा बघायला लावलं आणि म्हणाले, देहाची अशी अवस्था झाली याचा अर्थ मृत्यू क्षणात आला, मित्राला यातना झाल्या नाहीत. काही रात्री स्वप्न पडलंच नाही. मग पडलं तेव्हा तो मित्राशेजारी गुडघे टेकून, घरच्यांना पाठवायला त्याच्या वस्तू गोळा करत होता. जाग आली ती दुःखाने, पण दहशत गेली होती.

म्हणजे विसरायचं नाही, आणि दिवसभर तेच उगाळतही बसायचं नाही. सोबत कुणीतरी असताना, सोसवेल अशी बाजू शोधून त्याकडे बघायचं. दुसऱ्या एका रुग्णाच्या अनुभवात अशी बाजूच सापडेना. रिव्हर्स यांनी तेही प्रामाणिकपणे लिहिलं. त्याने लष्कर सोडून जिथे पूर्वी बरं वाटलं होतं तिथे जावं, असं ठरलं.

आता अवघड भाग. हे रुग्णालय फक्त अधिकाऱ्यांसाठी होतं, आणि बरं करून आघाडीवर परत पाठवणं हेच रिव्हर्स यांचं काम. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढणारे कवी सिगफ्रीड ससून त्यांचेच रुग्ण. तेही परत गेले, जखमी झाले, वाचले. तिथेच दुसऱ्या डॉक्टरकडे उपचार घेतलेले कवी विल्फ्रेड ओवेन परत गेले आणि युद्ध संपायला आठवडा असताना मारले गेले. ज्या जागी जखम झाली तिथेच माणसाला परत धाडायचं असेल, तर त्याला बरं करणं म्हणायचं का?

त्याच युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, १९१६ साली कैदेत गेल्या. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, अशा पाट्या आपल्याकडे काही गावांत आजही दिसतात. परतलेल्यांना रात्री काय दिसायचं, हे घरात कुणी विचारलं असेल का? की आपल्यासारखंच म्हणाले असतील, "जाऊ दे, विसरून जा"?

पुढच्या वेळी हे वाक्य ओठावर आलं की मी ते गिळणार आहे. "सांगतोस का काय झालं ते? आत्ताच नको असेल तर नंतर," एवढंच विचारीन.