न्हाणीघर सर्वांसाठी सुरक्षित करताना

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली आणि लष्कर वसले. त्या भागातल्या आपल्या जुन्या घरांत न्हाणीघर बहुधा अरुंद, दगडी फरशीचे आणि पायरी उतरून जायचे असते. घरात कोणाला अर्धांगवायू झाला, दृष्टी कमी झाली किंवा चाकाची खुर्ची आली की अडचण प्रथम तिथेच जाणवते. दुसऱ्याने आंघोळ घालावी लागणे अनेकांना दुखण्यापेक्षा जड जाते. म्हणून त्या व्यक्तीला स्वतःचे स्वतः करता यावे, हे धरूनच आम्ही पुढील सूचना देत आहोत.

दार : ते बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाने अडते. कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसवावी. चाकाच्या खुर्चीसाठी ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी हवी आणि आत वळण्यासाठी सुमारे दीड मीटर जागा. तेवढी नसेल तर चाके असलेली, कमोडवर सरकवता येणारी अरुंद खुर्ची वापरावी.

पायरी आणि उंबरठा : उतार १ : १२ ठेवावा, म्हणजे ५ इंच उंचीला ५ फूट लांबी. जागा कमी म्हणून उतार खडा करू नये. चाकाची खुर्ची त्यावरून उलटू शकते.

फरशी : खडबडीत पृष्ठभागाच्या फरश्या बसवाव्यात. सुटे पायपुसणे काढून टाकावे. दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर तेल-उटणे साबणाने लगेच धुवावे.

आधाराच्या दांड्या : साडेतीन ते चार सेंटिमीटर जाडीची स्टीलची दांडी, भिंतीपासून पाच सेंटिमीटर अंतरावर. टॉवेलची दांडी किंवा रबरी चोषकाने चिकटणारी दांडी माणसाचे वजन पेलत नाही. जुन्या चुन्याच्या भिंती भुसभुशीत असू शकतात. मिस्त्रीकडून आधी तपासून घ्याव्यात आणि दांडी बसवल्यावर तिला जोर लावून पाहावे.

बैठक : कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर असावी. आंघोळीसाठी बुटका चौरंग नको. हात असलेली, पायांना रबर लावलेली खुर्ची घ्यावी.

गरम पाणी : ग्वाल्हेरच्या थंडीत हाच मोठा धोका. मधुमेह किंवा लकव्यामुळे संवेदना कमी झालेल्यांना भाजलेले कळत नाही. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम घालावे आणि घरातल्या दुसऱ्याने कोपराने पाहावे. बादलीत विजेची रॉड लावू नये. गीझरच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा.

उजेड आणि हाक : पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा मंद दिवा असावा. घंटीचे बटण जमिनीवर पडलेल्या माणसाच्याही हाताला लागावे. कमी दिसणाऱ्यांसाठी दांडीचा रंग भिंतीहून वेगळा असावा. घरात ऐकू न येणारे कोणी असल्यास घंटीसोबत दिवाही लागावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, आणि केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र व्यक्तींना सहायक उपकरणे मिळतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे.

काम सुरू करण्याआधी त्या व्यक्तीला खुर्चीवर बसवून हात कुठवर पोहोचतो, कोणत्या हातात जोर आहे ते पाहावे आणि भिंतीवर खडूने खुणा कराव्यात. दांडी कुठे हवी हे त्यांनाच विचारावे.