थांबविण्याचा अधिकार

जाते ओढणाऱ्या हाताला जाते थांबविताही येते. संगणकाचे काम मात्र डोळ्यांआड चालते, आणि त्याला ‘पुरे’ कोणी व कसे म्हणावयाचे, हा प्रश्न त्या यंत्राइतकाच जुना आहे.

१९५० नंतरच्या दशकात छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हवाली करावयाचा आणि निकालाची वाट पाहत बसावयाचे, अशी रीत होती. घरी जाताना चूक ध्यानात आली तरी काम धन्याच्या हातात उरलेले नसे. नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत दाखविली. टंकयंत्रापुढे बसलेल्या माणसाला आपले काम तेथूनच सोडून देण्याची सोय तिने मिळवून दिली.

१९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्सने तर या व्यवहाराला जवळजवळ शिष्टाचारच घालून दिला. आज्ञेच्या शेवटी एक चिन्ह टाकले की काम पडद्यामागे जाई आणि त्याचा क्रमांक हाती येई. त्या क्रमांकावर ‘किल’ ही आज्ञा सोडावयाची. नाव भयंकर, परंतु पुढे रूढ झालेल्या रीतीप्रमाणे ती १५ क्रमांकाचा संकेत पाठविते, आणि हा संकेत म्हणजे केवळ विनंती होय. काम उघड्या फायली मिटते, अर्धवट लिहिलेले आवरते आणि मग निरोप घेते. क्वचित दुर्लक्षही करते. त्यासाठी ९ क्रमांकाचा संकेत आहे. तो टाळता येत नाही. पण पसारा आवरावयास तो क्षणाचीही सवड देत नाही.

मोबाइल आला तेव्हा ही शहाणीव विसरली गेली की काय, असे वाटावे. २००७ च्या आयफोनने पडद्यामागच्या कामाचा प्रश्न मुळातच टाळला; बाहेरच्या ॲपांना ती मुभा २०१० मध्ये, तीही मोजूनमापून मिळाली. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडने प्रथमपासून दार उघडे ठेवले. मग बॅटरी कोण खातो, याचा शोध सुरू झाला. कामे मारून टाकणारी निराळी ॲप लोकांनी घेतली. मारलेली कामे पुष्कळदा पुन्हा उठत, आणि त्या उठाठेवीत बॅटरी अधिकच खर्च होई! २०१७ मध्ये अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीने निर्बंध घातले. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत, चालू असलेल्या ॲपांची यादी व प्रत्येकापुढे ‘थांबवा’ असे बटण ग्राहकाला मिळाले. ते दाबताच सबंध ॲप पूर्वसूचनेवाचून स्मृतीतून जाते. हा तो जुना ९ क्रमांकच.

२०२५ मध्ये आयफोनच्या २६ व्या आवृत्तीने दुसरी वाट धरली. ग्राहकाने स्वतः सुरू केलेले लांबलचक काम, उदाहरणार्थ चित्रफीत तयार करणे, पडद्यामागे चालू राहते. त्याची प्रगती दिसत राहते आणि तेथूनच ते रद्दही करता येते. ॲपला आवराआवरीची सूचना मिळते.

ही आवराआवर अखेर ॲप लिहिणाराच ठरवितो. वीस छायाचित्रे पाठविताना बारा पोहोचल्यावर ग्राहकाने बटण दाबले, तर ती बारा ठेवावयाची की मागे घ्यावयाची? मोबाइलच्या व्यवस्थेला हे ठाऊक नसते. कित्येक ॲप काहीच न सांगता नुसती गप्प होतात, आणि मालक रात्री पुन्हा पहिल्यापासून वीसच्या वीस पाठवीत बसतो.